एक नंबर मोठं हेल्मेट

ही हकीकत लिहायची मी सात वर्षं टाळली. सुरुवातीला वाटायचं, घाव ताजा आहे, जरा दिवस जाऊ द्यावेत. पुढं वाटायला लागलं, आता सगळं निवलंय, कशाला उकरायचं. दोन्ही वेळा मला सोयीचं होतं तेच मी स्वतःला पटवलं. आता वय त्र्याहत्तर आहे, अक्षर बिघडत चाललंय, आणखी थांबलो तर राहूनच जाईल.

सात वर्षांपूर्वी सोलापुरातल्या एका हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर मी माझ्या मित्राच्या बायकोशी खोटं बोललो. एकच वाक्य. त्या वाक्यानं माझा मित्र बायकोला दिलेला शब्द मोडणारा माणूस ठरला आणि मी शेवटपर्यंत त्याच्या सोबत राहिलेला भला माणूस ठरलो. त्यानं शब्द मोडला नव्हता. हे कुठंतरी लिहिलेलं असावं म्हणून लिहितो आहे.

आम्ही दोघं चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या एका कारखान्यात होतो. तो फिटर, मी स्टोअरला. तो मंद्रूपच्या अलीकडच्या खेड्यातला, शेतकरी घरातला. मराठी आणि कानडी दोन्ही त्याच्या तोंडात सारखीच. मला तो 'मालक' म्हणायचा. सोलापुरात कुणीही कुणाला मालक म्हणतं, पण त्याच्या म्हणण्यात थट्टा असायची, कारण बेअरिंगपासून साबणाच्या वडीपर्यंत कारखान्यातली कुठलीच वस्तू माझ्या सहीशिवाय स्टोअरच्या बाहेर पडत नसे. सहीसाठी माझ्या खिडकीत येऊन तो हात जोडायचा आणि म्हणायचा, "मालक, गरिबाला एक पाना द्या."

स्टोअरमध्ये माझा एक नियम होता. बूट, हातमोजे, गणवेश, काहीही मागवायचं तर एक नंबर मोठं मागवायचं. मोठं झालं तर माणूस आत काहीतरी कोंबून भागवतो. लहान झालं तर ती वस्तू परत येते आणि बोलणी मला बसतात. तीस वर्षं हा नियम मला चांगला लाभला.

निवृत्तीनंतर दोघांनाही आपापल्या मोटारसायकलवर फिरायचा नाद लागला. नाद त्याचा, मी मागं मागं. अक्कलकोट झालं, नळदुर्ग झालं. वाटेत गाव दिसलं की तो थांबणार, रस्ता माहीत असला तरी विचारणार, आणि उत्तर देणाऱ्याची सोयरीक कुठल्या गावाशी आहे इथपर्यंत गप्पा नेणार. मी घड्याळ बघत उभा. मग त्याच्या डोक्यात कर्नाटकातलं बदामी आलं. लहानपणी तो होटगीला चुलत्याकडं राहायला जायचा. चुलता रेल्वेत होता. गदगकडं जाणाऱ्या गाड्या तो तिथं रोज बघायचा आणि त्या बदामीवरून जातात एवढं त्याला कुणीतरी सांगितलेलं. जायचा योग मात्र साठी उलटली तरी आला नव्हता. मी म्हटलं, होटगीवरून गाडी आहेच की, बसलं की उतरलं.

"रेल्वेतनं गावं नुसती दिसत्यात, मालक," तो म्हणाला. "मला त्या गावात उतरून च्या प्यायचाय."

वहिनींनी म्हणजे त्याच्या बायकोनं एकच अट घातली. डोक्यावर पूर्ण हेल्मेट पाहिजे आणि पट्टा लावलेला पाहिजे. त्यांच्या माहेरचा एक पुतण्या हेल्मेट नुसतं डोक्यावर ठेवून फिरायचा, पट्टा लोंबता. तो अपघातात तसाच गेला होता. तेव्हापासून त्या कुणाचं हेल्मेट बघायच्या नाहीत, हनुवटीखालचा पट्टा बघायच्या.

पूर्ण हेल्मेट त्याला सोसेना. चष्म्याच्या काड्या आत शिरत नसत, शिरल्या तर कानावर दुखायचं. वरून, रस्ता विचारायचा तर प्रत्येक वेळी सगळं उतरवा. विहिरीत तोंड घालून बोलल्यासारखं वाटतं, असं म्हणून तो ते काढून हँडलला अडकवायचा. नळदुर्गच्या चहाच्या गाडीवर आम्हाला बंगळुरूकडचा एक माणूस भेटला होता. त्यानं गाडी लावली, हनुवटीजवळचं बटण दाबलं आणि हेल्मेटचा समोरचा सगळा भाग कपाळावर उचलून ठेवला. चेहरा मोकळा, डोक्यावर हेल्मेट तसंच, आणि माणूस चहा पितोय. माझा मित्र त्याच्याभोवती नव्या यंत्राभोवती फिरावं तसा फिरला. कानडीत बोलून त्यानं ते हेल्मेट मागून घेतलं, दहा वेळा उघडलं, मिटलं, खटका कसा बसतो ते कान लावून ऐकलं. "आपल्याला ह्येच पाहिजे," म्हणाला.

त्या माणसाचं हेल्मेट परदेशी होतं. आमच्या पेन्शनीत बसणारं शोधायचं काम मी अंगावर घेतलं, कारण वस्तू पारखणं हे माझं काम होतं असं मला वाटायचं. तीन आठवडे मी फोनवर लोकांनी केलेले व्हिडिओ बघितले आणि वहीत मुद्दे लिहून काढले. स्वस्तात मिळणाऱ्या काहींचा खटका प्लास्टिकचा असतो, आपटल्यावर समोरचा भाग आपोआप उघडतो, तसलं नको. आयएसआयचा शिक्का खरा पाहिजे, नुसता चिकटवलेला नको. या जातीची हेल्मेटं साध्यापेक्षा जड असतात, दिवसभर घातली की मान धरते. म्हणून हातात घेऊन वजन बघायचं. आत एक काळी काच असते, उन्हात ती खाली ओढता येते. आमच्यासारख्या चष्मेवाल्यांना ती नाकाला टेकता कामा नये. आतलं अस्तर काढून धुता आलं पाहिजे. समोरचा भाग उचलून गाडी चालवू नये, तो फक्त थांबल्यावर उचलायचा. असे सतरा मुद्दे झाले. मापाचा मुद्दा त्यात नव्हता. मापाचं माझं ठरलेलंच होतं.

सोलापुरातल्या सात रस्ता चौकाच्या बाजूला एक दुकान होतं. गल्ल्यावर पन्नाशीची एक बाई बसायची. फोनवर तेलुगूत बोलायची, आमच्याशी मराठीत. मी वही काढून एकेक मुद्दा विचारला आणि तिनं न कंटाळता उत्तरं दिली. मित्र माझ्यामागं उभा राहून तिला सांगत होता, "बाई, ह्यांनी बायको बघतानाबी वही नेली हुती." ती हसली. शेवटी एक काळं हेल्मेट ठरलं. खटका लोखंडी, शिक्का खरा, वजन सोसण्यासारखं, चष्म्याच्या काड्या अलगद आत जात होत्या.

आता जे घडलं ते नीट लिहितो.

माझा मित्र उन्हापायी आणि घामापायी डोक्याला नेहमी पातळ टॉवेल गुंडाळायचा. आमच्याच कारखान्याचा टॉवेल. आमच्याकडं बहुतेकजण हेल्मेटच्या आत तसं कापड घालतात, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. बाईनं दिलेलं मधल्या मापाचं हेल्मेट टॉवेलावरून बसेना. ती म्हणाली, "काका, टॉवेल काढा की. हेल्मेट गालाला दाबूनच बसलं पाहिजे. आज घट्ट वाटतंय, आठ दिवसांत अस्तर बसतंय." त्यानं टॉवेल काढून घातलं, नीट बसलं. तिनं दोन्ही हातांनी हेल्मेट धरून हलवलं तर त्याच्या गालाची कातडी त्याच्यासोबत हलली. असंच पाहिजे, असं तिनं सांगितलं.

मी म्हणालो, एक नंबर मोठं द्या.

तिनं पुन्हा समजावलं. मी तिला माझी तीस वर्षं सांगितली. सोलापूरच्या उन्हात हा माणूस टॉवेलाशिवाय चार कोस जाणार नाही, घट्ट झालं तर हेल्मेटच काढून ठेवेल आणि मग त्याच्या बायकोला तुम्ही तोंड देणार का, असं काहीतरी बोललो. मोठं आलं. टॉवेलावरून ते छान बसलं.

"मालक, बाई बराबर बोलतीया असं वाटतंय मला," मित्र म्हणाला.

"तुला कधी मापाची वस्तू दिली नाही का मी?" मी म्हणालो.

 तीस वर्षं त्यानं माझ्या खिडकीतून मिळेल ते घेतलं होतं. तेही घेतलं.

जानेवारीत निघालो. सकाळचे सात असतील, गारवा होता. वहिनी फाटकापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यानं टॉवेल गुंडाळला, हेल्मेट घातलं आणि पट्टा त्यांच्यासमोर लावला. पट्ट्याचा खटका बसल्याचा आवाज झाला. त्या म्हणाल्या, "ह्यो आवाज बदामीपतूर ऱ्हाऊ द्या." तो म्हणाला, "तुज्याम्होरं लावलाय, तुज्याम्होरंच काढीन. मग तर झालं?" असल्या गोष्टी तो थट्टेवारी बोलायचा, पण बोललेलं पाळायचा.

वाक्य तंतोतंत पाळणं शक्य नव्हतं, चहाला थांबल्यावर तो हेल्मेट काढणारच. वाटेत गावोगावी थांबून गप्पा मारत मंद्रूपच्या अलीकडं पोचेपर्यंत दहा वाजले, तिथं आम्ही एका टपरीवर थांबलो. आधी त्यानं मुद्दाम हेल्मेट न काढता समोरचा भाग उचलून चहा घेतला आणि टपरीवाल्याला खटका उघडून मिटून दाखवला. मग ऊन चढलं होतं म्हणून हेल्मेट उतरवलं. टॉवेल घामानं चिकट झाला होता. तो त्यानं झटकून गळ्याभोवती टाकला आणि हेल्मेट तसंच उघड्या डोक्यावर घातलं. पट्टा लावला. मी त्याच्यापासून दोन हातांवर होतो. खटका बसलेला मी ऐकला, आणि पट्ट्याखाली बोट घालून तो ओढून बघताना मी त्याला बघितलं.

गाडीवर बसून त्यानं मान वळवली. हेल्मेट वळलं नाही.

"मालक, मी हिकडं बघतोय आन् ह्ये आजून टपरीकडंच बघतंय," तो म्हणाला.

मी हसलो. टॉवेल परत बांध म्हणून सांगायला माझ्याकडं भरपूर वेळ होता. मी हसलो आणि गाडी सुरू केली.

पुढं दोन-तीन किलोमीटरवर रस्त्यात ऊस सांडला होता. त्या दिवसांत ट्रॉल्यांतून पडतोच. तो माझ्यापुढं होता, वेगात नव्हता. ब्रेक दाबला तसं पुढचं चाक उसावरून सरकलं आणि तो कुशीवर पडला. हात-पाय खरचटण्यापलीकडं काही व्हायचं कारण नव्हतं. पण आधी हेल्मेट डोक्यातून निघून पुढं घरंगळत गेलं आणि मग डोकं रस्त्यावर आपटलं.

लोक धावले. कुणीतरी जीप थांबवली, त्याला मागच्या सीटवर निजवलं. मी हेल्मेट उचलून पुढं बसलो. सोलापूर येईपर्यंत ते माझ्या मांडीवर होतं. पट्टा लावलेला होता. खटका बंद, जसा टपरीपाशी ऐकला तसाच. मी त्याच्याकडं बघत राहिलो. मोठं हेल्मेट पट्टा लावूनसुद्धा डोक्यातून निघतं, हे मला त्या जीपमध्ये कळलं. आणि कधीतरी, बहुधा शहरात शिरताना, मी तो पट्ट्याचा खटका उघडला. का उघडला, याचं उत्तर मी स्वतःला बरीच वर्षं वेगवेगळं देत आलो. खरं उत्तर एवढंच आहे की बंद पट्टा बघणाऱ्यानं पुढचा प्रश्न मापाचाच विचारला असता.

डॉक्टर म्हणाले, हेल्मेट डोक्यावर राहिलं असतं तर एवढं झालं नसतं. वहिनी तोवर आल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातलं हेल्मेट बघितलं, सुटा पट्टा बघितला. पायऱ्यांवर त्यांनी मला गाठलं.

"भाऊजी, माज्याम्होरं लावला हुता की त्यांनी. मग निगालं कसं?"

"चहाला थांबलो तेव्हा सोडला होता, वहिनी. परत लावायचा राहिला."

त्या रडल्या नाहीत. सुटा पट्टा हातात धरून म्हणाल्या, "म्हंजे मला दावण्यापुरता लावला म्हणा की."

तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. शुद्धीवर आला नाही. पंचनाम्यातही पट्टा सुटा असल्याचं लिहिलं गेलं आणि त्याखाली माझी सही आहे.

मला वाटलं होतं, खोटं बोललो तरी त्यात कुणाचं जास्त नुकसान नाही. माणूस तर गेलाच. नुकसान काय झालं ते पुढच्या सहा वर्षांत हप्त्याहप्त्यानं दिसलं. तेराव्याला सगळ्यांदेखत वहिनी म्हणाल्या, मला फसवून गेले. मुलानं वडिलांचा फोटो मोठा करून आणला, तर त्यांनी तो आतल्या खोलीत लावायला सांगितला. येता-जाता नजरेस पडायला नको. दुचाकीवर कुणीही घरी आलं की त्या निघताना फाटकापर्यंत यायच्या आणि हनुवटीखाली बोट घालून पट्टा ओढून बघायच्या. माझाही बघायच्या. लोकांना त्याचं कौतुक वाटायचं. मी मान वर करून उभा राहायचो आणि त्यांचं बोट गळ्याला लागलं की डोळे मिटून घ्यायचो. एकदा पट्टा ओढताना त्या मला म्हणाल्या, "चाळीस वर्सांत माज्याशी खोटं बोलल्यालं एकदाच घावलं, भाऊजी. आन् तेबी शेवटचं."

मी काय बोलायला हवं होतं ते उघड आहे. मी म्हणालो, जाऊ द्या वहिनी, विसरा आता.

वर्षभरानं मुलानं ते हेल्मेट माझ्याकडं आणून दिलं. आईच्या डोळ्यांसमोर नको आणि टाकूनही देववत नाही, म्हणाला. तो गेल्यावर मी दार लावलं. हेल्मेट डोक्यात घातलं, पट्टा लावला, मागची कड धरून वर ओढली. ते निघून हातात आलं. खात्री करायची तशी गरज नव्हती, पण मी तीन वेळा करून बघितलं. मग तोच प्रकार मी माझ्या स्वतःच्या हेल्मेटवर केला. माझं मधल्या मापाचं होतं. मी टॉवेल वापरत नाही. ते निघालं नाही.

गेल्या दिवाळीनंतर माझी एक छोटी शस्त्रक्रिया झाली. हॉस्पिटलमध्ये पडल्या पडल्या मी ठरवलं की उठलो की आधी वहिनींकडं जायचं. वाक्य तयार केलं. सकाळी दहाच्या सुमारास गेलो, त्या अंगणात ज्वारी निवडत होत्या. मुलगा पुण्याला असतो, तोही त्यांना तिकडं चला म्हणत होता, त्यामुळं घरात आवराआवर चाललेली. त्यांनी चहा ठेवला. मी बसलो आणि म्हणालो, वहिनी, तुम्हाला त्या दिवसाचं एक सांगायचं आहे.

"आदी माजं ऐका," त्या म्हणाल्या.

त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. भिंतीवरची खुंटी रिकामी होती. मग बाहेरच्या खोलीत आणलं. फोटो दारासमोर लावलेला होता, त्याला ताजा हार होता. मी येताना बाहेरच थांबलो होतो, म्हणून मला तो दिसला नव्हता.

"मी त्यास्नी माफ केलं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "लई दिस लागलं. पर केलं. आता माज्या मनात त्यांच्याइशयी कायबी न्हाय." आणि मग त्या त्याच्याबद्दल बोलल्या, सहा वर्षांत पहिल्यांदा मनमोकळं बोलल्या. कारखान्यातून येताना तो पेरू आणायचा आणि निम्मे वाटेतच खाऊन यायचा, ते सांगताना हसल्या. त्यांचा चेहरा हलका झाला होता. चहा गार झाला तो त्यांनी पुन्हा गरम करून आणला.

मी काय सांगणार होतो? तुम्ही सहा वर्षं झगडून ज्याला माफ केलंत त्यानं काही केलंच नव्हतं, असं? मी स्वतःला म्हणालो, आता बाईला शांती मिळाली आहे, ती मोडू नये. हेही मला सोयीचंच होतं. त्यांनी विचारलं, तुमी काय सांगत हुता? मी म्हणालो, काही नाही, शस्त्रक्रियेचं सांगत होतो. निघताना त्यांनी फाटकापर्यंत येऊन माझा पट्टा ओढून बघितला.

त्यानंतर त्या पुण्याला गेल्या आणि श्रावणात तिथंच वारल्या. मी दहाव्याला गेलो होतो. गेल्या महिन्यात त्यांच्या मुलाला फोन करून मी सगळं सांगितलं, माप, टॉवेल, जीपमधला खटका, पंचनाम्यावरची सही. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, हे तुम्ही आईला सांगायला पाहिजे होतं." आणि फोन ठेवला. त्यानंतर त्यानं फोन केलेला नाही, आणि मी त्याला दोष देत नाही.

त्या सकाळी अंगणात बसून जे बोलायचं ठरवून गेलो होतो ते असं होतं. वहिनी, टपरीवरून निघताना त्यानं पट्टा लावला होता, ओढून बघितला होता. खटका मी ऐकला, ओढताना मी बघितलं. दुकानातली बाई नको म्हणत असताना, तो स्वतः तिचं बरोबर वाटतंय म्हणत असताना मोठं हेल्मेट मी घ्यायला लावलं, आणि पट्टा उघडला तोही मीच, तुम्हाला कळू नये म्हणून. त्यानं तुम्हाला फसवलं नाही. त्याला माफ करण्यासारखं काहीच नव्हतं. माफ करायचं असेल तर मला करा, आणि नाही केलंत तरी मी ऐकून घेईन.